वरच्या ओळींतली कीड

"आधी हात धू, सुमेधा. कीड कुठं पळून जात नाही. पाटवडीचा रस्सा गार झाला की काही मजा नाही," जगन्नाथकाका म्हणाले.

मी दारातच उभी. बॅगेत रिपोर्ट, बुटांना चिखल. "जयभीम काका. आधी मला बोलू द्या," म्हटलं, तर हा माणूस ऐकेल तर शपथ! ताटं मांडूनही झाली होती. दोनच. सुलेखाकाकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून काका स्वतःच रांधतात.

मूळचा नागपूरचा हा माणूस. पंचवीस वर्षं इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरमध्ये खपला. रिटायर झाल्यावर लोक क्रूझवर जातात, यांनी व्हर्जिनियाच्या डोंगरात ख्रिसमसच्या झाडांचा मळा घेतला. आमच्या विहारात सगळे हसायचे. काका म्हणायचे, "अरे, झाड लावायला धर्म लागतो का?"

मग परदेशातून आलेली ती कीड लागली. टाचणीच्या टोकाएवढी, कापसासारख्या पुंजक्यात बसून सालीतला रस पिणारी. हिच्यात नर नसतोच. आईच्या पोटी लेकीच, त्याही हुबेहूब आईसारख्या. मी युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये टेक्निशियन. माझं काम एवढंच, की फांद्या कापून आणायच्या, किडीचा डीएनए तपासायचा आणि सांगायचं, सगळी एकाच घराण्यातली आहे की वेगवेगळ्या. घराणं एकच असलं, तर त्याला पुरून उरणारी रोपं मिळतात. जास्त असली, तर एकाला अडवावं आणि दुसऱ्यानं झाड खावं.

पाच वर्षांपूर्वी मी इथे पहिल्यांदा आले, तेव्हा सकाळी खालच्या ओळींतल्या फांद्या घेतल्या. वरच्या, जंगलाला लागून असलेल्या ओळी जेवणानंतर घेणार होते. पण काकूंचा वडाभात! पहिलं वाढप, दुसरं वाढप, "इतकंसं खातात का पोरी?" म्हणून तिसरं. उठेपर्यंत ऊन डोंगराआड गेलं होतं. "वर काय वेगळं असणार?" काका म्हणाले. "तीच झाडं, तीच कीड." मलाही चढायचा कंटाळा आलाच होता, खोटं कशाला बोलू? फॉर्मवर मी लिहिलं, 'पूर्ण टेकडी.'

रिपोर्ट आला, घराणं एकच. काकांनी टेकडीवरची झाडं तोडून जाळली आणि त्या एका घराण्यापुढे टिकणारी चार हजार रोपं लावली. दोघा नवराबायकोंनी, गुडघ्यांवर बसून. आता ती खांद्याएवढी झाली होती. आणि वरून खाली एकेक ओळ शेंड्यापासून वाळत चालली होती.

"बोल आता," काका समोर बसत म्हणाले. "दुसरी कुठली रोपं लावू?"

"काका, मागच्या महिन्यात मी आधी वर गेले. तीन घराणी निघाली. दोन वरच्या जंगलात कधीची ठाण मांडून आहेत. तिन्हींपुढे टिकेल असं रोप कुणाकडेच नाही." उरलेलंही बोलायचंच होतं. "तेव्हा मी वर गेलेच नव्हते. तुम्हाला ठाऊक आहे. पण कागदावर मी पूर्ण टेकडी लिहिलं. त्या कागदावर विसंबून तुम्ही ही रोपं लावलीत. माझी चूक आहे."

मला वाटलं, ओरडतील. ओरडायलाच हवं होतं. मी त्यासाठी तीन तास मनाची तयारी करत ड्राइव्ह करत आले होते.

काका खिडकीतून वर बघत राहिले. उन्हात वरच्या ओळी विटकरी दिसत होत्या.

"सगळीच जाणार?"

"हो, काका."

"खालची कधी?"

"तीन वर्षं. फार तर चार."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "सुलेखा म्हणत होती त्या दिवशी. पोरीला आधी वर जाऊन येऊ दे, मग वाढते. मीच म्हटलं, भात गार होईल."

मला रडू आवरेना. यापेक्षा त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांनी रश्शाचं पातेलं पुढे ओढलं, माझ्या ताटात दोन पाटवड्या वाढल्या आणि वर रस्सा घातला. थोडा टेबलावर सांडला.

"जेव," ते म्हणाले. "गार होतंय."

मी जेवले. नाही म्हणणं मला तेव्हाही जमलं नव्हतं.