कृष्णराजदादाचा ट्रॅक मोड

आमच्या दादानं, म्हणजे कृष्णराजनं, लाल रंगाची परदेशी स्पोर्ट्स कार घेतली. कळंबात ती उभी करायला जागा भरपूर, पळवायला मात्र कुठंच नाही. अडत बाजारापाशी ट्रॅक्टर आडवे, स्टँडपाशी एसट्या आडव्या, आणि जिथं काहीच आडवं नाही तिथं गतिरोधक. तरी दादा गाडी कायम ‘ट्रॅक मोड’वर ठेवायचा. त्या मोडवर धक्के झेलणारं सस्पेन्शन दगडासारखं कडक होतं, इंजिन डरकाळ्या फोडतं आणि स्टीअरिंगमागचा आकड्यांचा पडदा लालभडक होतो. दादाला त्यातला पडदा आवडायचा. आमच्या आईला, द्वारकाबाईला, तो एकदा दवाखान्यात घेऊन गेला. परत येताना ती रिक्षानं आली.

‘कम्फर्ट’ नावाचाही एक मोड त्या गाडीत होता. पण दादाच्या मते ते बटण कंपनीनं म्हाताऱ्यांसाठी दिलेलं. मी लातूरला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, सस्पेन्शनमधलं थोडंफार मला कळतं. पण दादा मला विचारायचा नाही. तो मोबाइलवर व्हिडिओ बघायचा.

विजापूरच्या पुढं माळरानावर शरणप्पा नावाच्या एका जुन्या रॅलीपटूनं छोटा रेस ट्रॅक बांधलाय. आपली गाडी न्यायची आणि मनसोक्त पळवायची. दादानं नाव नोंदवलं आणि पुण्याहून सेमी-स्लिक टायर बसवून आणले. हे टायर जवळजवळ गुळगुळीत असतात. तापले की रस्त्याला घट्ट धरतात, थंड असले की धरत नाहीत. दादानं ते गावभर दाखवले. आण्णा, आमचे वडील, चाकापाशी बराच वेळ उकिडवे बसले.

“नवे घेतलेस की कुणी वापरून टाकलेले?”

“आण्णा, हे रेसचे असतात.”

“मग नक्षी कुठं गेली?”

दादा फडक्यानं टायर पुसायला लागला. आण्णांना समजावण्यापेक्षा शोरूमवाल्याला समजावणं त्याला सोपं जायचं, कारण शोरूमवाला सगळ्याला हो म्हणायचा.

आम्ही तिघं निघालो. मी शूटिंगसाठी आणि आण्णा तिकडची जमीन बघायला. रस्ताभर ते टायर खडे उचलून पत्र्यावर मारत होते.

शरणप्पा साठीचा, सडपातळ माणूस. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यानं टायरला हात लावला.

“साहेब, ट्रॅकवर पहिल्यांदा येताय ना? मग साधे टायर बरे. साधा टायर पकड सुटायच्या आधी ओरडून सांगतो. हा सांगत नाही, सुटतो. आणि आमच्या ट्रॅकला ठिगळं आहेत. इंजिन स्पोर्टवर ठेवा, पण सस्पेन्शन कम्फर्टवर.”

“कम्फर्ट?” दादा हसला. “एवढ्या लांब कम्फर्टमध्ये फिरायला आलो व्हय?”

“बरं. निदान पहिल्या दोन फेऱ्या सावकाश मारा. टायर तापू द्या.”

दादानं मान हलवली. हेल्मेट घातलेला माणूस मान हलवतो तेव्हा त्याला सगळं कळलंय असं वाटतं. आत बसून त्यानं ट्रॅक मोड लावला. त्या मोडवर घसरती गाडी सावरणारी यंत्रणाही बंद होते, हे पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पुस्तिकेचं प्लास्टिक अजून फाडलेलं नव्हतं.

पहिल्याच वळणाला गाडी ठिगळांवरून टणाटणा उडायला लागली. मागचं अंग पुढं आलं, पुढचं मागं गेलं, आणि गाडी उलट्या तोंडानं शेजारच्या तुरीत घुसली. धुरळा बसला. आण्णांनी डोळ्यांवर हात धरला.

“उतरला का त्यो?”

“उतरतोय.”

“मग बरं हाय. तूर कुणाची हाय, बघ जरा.”

ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली. बंपरला तुरीच्या शेंगा अडकल्या होत्या, बाकी फारसं काही झालं नव्हतं. दादा म्हणाला, “टायरच खराब निघाले.” थोड्या वेळानं म्हणाला, “ट्रॅकला ठिगळं आहेत.”

“ते तर मी सांगितलं होतं,” शरणप्पा म्हणाला. “सस्पेन्शन कडक असलं की चाक उड्या मारतं. हवेतलं चाक रस्ता कसा धरणार?”

दादा सावलीत जाऊन मोबाइल बघत बसला. तेवढ्यात आण्णा उठले. “गाडी मोकळीच हाय तर एक चक्कर मी मारतो.” शरणप्पानं गाडी तपासली आणि हो म्हटलं. मी कम्फर्ट लावून दिलं. आण्णांनी वळणावळणाला हॉर्न वाजवला, खिडकीतून हात काढून इशारे केले आणि सव्वाचार मिनिटांत फेरी पुरी केली. शरणप्पाच्या फलकावर दिवसभरात एवढी मोठी वेळ कुणाचीच नव्हती. पण आण्णांच्या नावापुढं वेळ तरी होती. दादाच्या नावापुढं रेघ होती.

दादानं सांगितल्यावरून मी व्हिडिओतली तूर कापली. हेल्मेट, डरकाळी आणि लाल पडदा एवढं उरलं. चार दिवसांत कळंबच्या चौकात ‘मराठवाड्याचा वेगवान ढाण्या वाघ’ असा फ्लेक्स लागला. खाली शुभेच्छुकांचे सतरा फोटो. पुढच्या आठवड्यात एका तरुण मंडळानं त्याला मार्गदर्शनाला बोलावलं. मी आणि आण्णा पहिल्या रांगेत बसलो.

शाल खांद्यावर घेऊन दादा गंभीरपणे म्हणाला, “मित्रांनो, अनुभवाचं सांगतो. ठिगळांच्या ट्रॅकवर सस्पेन्शन कम्फर्टच ठेवायचं. नवख्यानं साधेच टायर वापरायचे. साधा टायर ओरडून सांगतो.” शरणप्पाचा शब्द न शब्द होता, फक्त शरणप्पा नव्हता.

मागून एका मुलीनं विचारलं, “सर, तुमची फेरी किती वेळात झाली?”

दादानं खांद्यावरची शाल सारखी केली. “सव्वाचार मिनिटं,” तो म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सव्वाचार चांगले की वाईट, तिथं कुणालाच माहीत नव्हतं. मी उठायला लागले तर आण्णांनी माझं मनगट धरलं.

“बस खाली. त्याच्याकडं दुसरं काय हाय सांगायला?” असं म्हणून तेही टाळ्या वाजवायला लागले. मला हसू येत होतं, आणि आण्णांच्या तोंडाकडं बघून ते येईनासंही होत होतं.

घरी आल्यावर मात्र मी दादाला गाठलं. “दादा, ती वेळ आण्णांची होती.”

तो शालीची घडी घालत होता. “असंल,” तो म्हणाला. “पण गाडी माझीच होती ना?”