पिवळ्या वाळ्यांच्या कोंबड्या

डॉ. अरुंधती पारशिवनीजवळच्या खेड्यात अंजनाबाईंच्या अंगणात आल्या, तेव्हा पायांत खुणेचे निळे वाळे घातलेल्या कोंबड्या निवांत दाणे टिपत होत्या. पिवळ्या वाळ्याची मात्र एकही दिसत नव्हती.

नागपूरच्या प्रयोगशाळेत त्यांची उमेदीची वर्षे या एका लशीपायी सरली होती. कोंबड्यांच्या एका निरुपद्रवी विषाणूत मानमोडी या जीवघेण्या रोगाच्या विषाणूचा जनुक बसवून त्यांनी ती तयार केली होती. निळ्या वाळ्यांना लस, पिवळ्यांना नुसते पाणी; गावात रोग शिरला की दोहोंतला फरक दिसणार होता. गेल्या आठवड्यात रोग शिरला आणि शेजारची खुराडी ओस पडली. निवृत्तीपूर्वीची ही शेवटची चाचणी होती.

"पिवळ्या कुठे आहेत, अंजनाबाई?"

"पोरीकडे धाडल्या, नरखेडले. टोपल्यात घालून, यष्टीनं." अंजनाबाईंच्या स्वरात अपराधाचा लवलेश नव्हता. "रोग आला का कोंबड्या सोयऱ्याकडे धाडाच लागते. माह्या सासूपासून चालत आलं."

"त्या हलवू नका, असे मी बजावले होते."

"बजावलं होतं. अर्ध्यायले सुई अन् अर्ध्यायले मरण, हा कोणता न्याय वं बाई? निळ्यायची काळजी तुमाले, पिवळ्यायची मले."

रागवावे एवढेही त्राण अरुंधतींत उरले नव्हते. तुलनेला पिवळ्या नाहीत, म्हणजे चाचणी बाद. त्या बाजेवर टेकल्या.

तेवढ्यात अंजनाबाईंचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"माही पोरगी मोनाली होती. पिवळ्यायनं तिथं माना टाकल्या. आता तिच्या सासूच्याही कोंबड्या झिंगून राहिल्या."

रोग टोपल्यातूनच गेला होता. अरुंधतींना हवा होता तो पुरावा नरखेडात मरून पडला होता, आणि कोणत्याही अहवालात तो बसणार नव्हता.

"पोरीले आता सासू काय काय ऐकवन!" अंजनाबाई म्हणाल्या.

अरुंधती गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "गाडीत नेहमीची सरकारी लस आहे. आजारी आहेत त्या जातील. नरखेडातल्या बाकीच्या वाचवू. चला."

अंजनाबाई निघाल्या.

"तशा नाही. आता आपल्या पायांनी रोग न्यायचा नाही. चपला इथेच ठेवा, लुगडे बदला, हातपाय साबणाने धुवा."

"ईहिणीच्या दारात अनवाणी जाऊ?"

"जा."

अरुंधतींनी आपलेही बूट काढले आणि हापशीचा दांडा दाबायला घेतला. पाणी यायला बराच वेळ लागला.