आशाबाईंची बहस

"आशाबाई, आपली केस बोर्डावर लागलीय. गुरुवारी हायकोर्टात बहस होईल," असा हिमानी वकीलबाईंचा फोन आला, तेव्हापासून आशाबाईंना घास गोड लागेना. बहस या शब्दापायी त्यांनी जन्मभर बोलणी खाल्ली होती. सासू म्हणायची, तोंड वर करून बहस करू नको. नवराही तेच म्हणायचा. आणि आता एवढं मोठं कोर्ट आपणहून बोलावत होतं, या बाई, करा बहस.

सासरी, करमाडच्या शेतात कापूस वेचता वेचता त्यांनी तयारी केली. "साहेब, फर्दापूरला माझ्या बापाचं शेत हाय. बाप गेल्यावर पुंजारामनं, माझ्या पाठच्या भावानं, वारसाची नोंद करायची म्हणून माझी सही घेतली. निघालं हक्कसोड पत्र. मी माझा हिस्सा भावाला सोडला म्हणं. साहेब, त्यानं इचारलं असतं तर मी चोळीबांगडीवर दिलं असतं. पण इचारलंच नाय." खालच्या कोर्टात त्या हेच सांगायला गेल्या होत्या, पण हो की नाही एवढंच बोला, असं दरडावून त्यांना गप्प केलं होतं. तिथं त्या जिंकल्या, मग जिल्हा कोर्टात हरल्या, पण ते बोलणं तसंच पोटात राहिलं.

गुरुवारी नवी साडी नेसून त्या कोर्टात पोचल्या.

"मी उभी कुठं राहू?" त्यांनी विचारलं.

हिमानीला आधी कळलंच नाही. "तुम्ही नाही, आशाबाई. बहस मी करणार. इथं फक्त वकील बोलतात. तुम्ही मागं बसून ऐका."

आशाबाईंना असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. जमीन गेली त्यांची, आणि बोलणार दुसरंच कोणी!

पडद्यावरचा केसचा नंबर मुंगीच्या पावलानं सरकत होता. जेवणाच्या सुट्टीत त्या बाहेर आल्या. लिंबाखालच्या बाकड्यावर पुंजाराम एकटाच बसला होता. केस चालू झाल्यापासून दोघांत शब्द नव्हता. आशाबाई तरातरा गेल्या आणि त्याच्यासमोर उभं राहून त्यांनी पाठ केलेली सगळी बहस केली. भरात 'साहेब'सुद्धा म्हणून गेल्या. "इचारलं असतं तर दिलं असतं," इथं येऊन त्या थांबल्या.

पुंजाराम खाली मान घालून म्हणाला, "अन् तू नाय म्हणली असती तर? त्याच भ्यानं नाय इचारलं, आक्का."

आशाबाई बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या.

"आता इचारतो," तो हळूच म्हणाला. "देती का?"

इतकी वर्षं 'हो' जिभेवर तयार होता. आता फक्त तोंड उघडायचं होतं.

"नाय," आशाबाई म्हणाल्या, आणि त्यांनाच नवल वाटलं. पण खोटं नव्हतं ते. बापाच्या शेतातला आपला वाटा त्यांना हवा होता, आणि तो तेव्हाही हवा होता. चोळीबांगडीचं त्या स्वतःलाच सांगत आल्या होत्या. हे कळलं तसं त्यांना वाईटही वाटलं आणि हलकंही वाटलं.

पुंजारामनं मान हलवली. "बरं. मग वकिलांना बोलू दे."

पण त्या दिवशी वकीलही बोलले नाहीत. नंबर लागायच्या आधीच कोर्ट उठलं. आता उद्या, हिमानीनं सांगितलं. पुंजाराम पिशवी उचलून स्टँडकडं निघाला.

"पुंजा," आशाबाईंनी मागून हाक मारली. "फर्दापूरला जाऊन सकाळी परत येणार का? त्यापरीस करमाड जवळ हाय, तिथं चल मुक्कामाला."

तो थांबला. "अन् केस?"

"केस उद्या हाय," आशाबाई म्हणाल्या. "आज घरी जेव. पण तिथं बहस करायची नाय."