डावीकडची पांढरी जागा

"मधी जागा सोड गं. कोण कुणाच्या घरात हाय, लांबून दिसलं पायजे."

भूकंपानंतर किल्लारी नव्यानं वसली, तेव्हा अंगणात रांगोळीनं घरं काढणाऱ्या छोट्या सिंधूला केवळाकाकू असं बजावायच्या.

पुढं सिंधू लातुरात बसलिंगप्पा सरांच्या क्लासमध्ये संगणकाच्या कामाला लागली. तिथं जागा सोडणं हा गुन्हाच. दोघांच्या बाकावर तिघं. भिंतीवरच्या टॉपरांचे फोटोसुद्धा कानाला कान लावून.

एका सोमवारी पुनम रडतच आली. घरी मेसेज गेला होता : भौतिकशास्त्र, शून्य.

"मॅडम, मी पेपर दिलाय हो! बाबा लोह्याहून निघालेत. बोचकं बांधून ठेव, शाळा बास झाली म्हणाले."

"रडू नको. बाबा गाडीतून उतरतील तेव्हा मी स्टँडवर असेन. खरं काय ते मीच सांगीन."

सिंधूचा सोमवारचा उपास होता. उपाशी तोंडानं दिलेला शब्द तिला फार जड वाटे.

तिनं संगणकावर निकालाची माहिती उघडली. सगळी एकाच ओळीत, कंसाला कंस चिकटलेला. रिकाम्या जागा काढून टाका, हा सरांचाच हुकूम. सिंधूनं ती माहिती मधे जागा सोडत छापली. आधी हॉल, जरा आत सरकून बाक, आणखी आत मुलं, त्यांच्या पोटात गुण. मग दिसलं. माहितीत एका बाकाला खण दोनच, मुलं तीन. तिसरी पुनम बाकाबाहेर शून्य घेऊन उभी, आणि तिचे बहात्तर शेजारच्या मुग्धाच्या सदुसष्टात कोंबलेले.

सरांनी कागद घेतला. गुण बघितलेच नाहीत.

"बाई, डावीकडं एवढी पांढरी जागा? इथं अजून एक बॅच बसली असती की!"

"सर, मुग्धाला शंभरपैकी एकशे एकोणचाळीस पडलेत."

"हुशारच हाय पोरगी! बॅनर छापायला गेलाय तिचा."

"त्यात पुनमचे बहात्तर आहेत, सर."

सरांनी दार लोटून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "तिच्या बापाला सांगा, सर्व्हर बंद होता. कागद दाखवू नका."

"आज सोमवार आहे, सर. मी खोटं बोलत नाही."

"मग उद्या सांगा की!"

कागदाला घडी पडू न देता सिंधूनं तो पिशवीत सरकवला, पायात चपला घातल्या आणि स्टँडकडं निघाली.