मोजलेली तोंडं

"भावजी, आज चुलीला उपास हाय. फुडच्या घरी बघा," असं म्हणत अकेयोनं दार आतून ओढून घेतलं, आणि तिचा दीर ओगुता एक पाय पायरीवर ठेवून तसाच उभा राहिला.

सरोवराकाठच्या कोमोलो गावात मयत झालं तरी जेवणाच्या वेळी कुणी दार लावत नाही. त्या वेळेला जो दारात आला तो त्या घरचा. आधी त्याच्या हातावर पाणी घालायचं, कुओनचा, म्हणजे पीठ शिजवून घट्ट केलेल्या उकडीचा, गोळा पुढ्यात ठेवायचा, आणि कुठून आलास ते पोट भरल्यावर विचारायचं. ओगुता तर वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या हातचं खात होता. त्याच्या बायकोला रांधता येत नव्हतं अशातला भाग नाही. तिथं जेवूनच तो इकडं यायचा.

"वयनी, धूर तर निघतुया," तो बाहेरून म्हणाला.

"पानी तापतंय."

"आनि ह्यो मासळीचा वास?"

"त्यो कालचा हाय."

ओगुतानं पायरीवरचा पाय काढला. मग तो वाटेनं मोठमोठ्यानं बोलत निघाला, म्हणजे ज्यांना ऐकू जायचं त्यांना जावं. "दार लावून जेवत्यात रं. माज्या सख्ख्या भावाच्या घरी दार लावून जेवत्यात."

आत अकेयो चुलीपुढं बसून जळतं लाकूड इंचाइंचानं बाहेर ओढत होती. कुओन अजून कच्चं होतं. तिचा नवरा ओग्वेनो ताटाकडं बघून म्हणाला, "हे चावायचं का प्यायचं?"

"गिळायचं," अकेयो म्हणाली. "टाकीपायी गिळायचं."

टाकीचं प्रकरण असं होतं. पाऊस अलीकडं रुसक्या जावयासारखा झाला होता. येईल तेव्हा येणार, आणि आला की होतं नव्हतं ते सगळं घेऊन जाणार. गावामागची टेकडी सरपणासाठी तोडून तोडून बोडकी झाली होती. तिच्यावरून पाणी सुसाट खाली यायचं, निम्मी माती घेऊन सरोवरात जायचं, आणि पुढल्या पंधरवड्यात ओढा कोरडा. मग बायकांनी डोक्यावर डबे घेऊन थेट सरोवर गाठायचं. अकेयो म्हणायची, लग्नात माझी मान होती, आता नुसतं डोकं खांद्यावर ठेवलंय. देवळाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, पत्र्यावरचं पाणी साठवायला एक मोठी टाकी मिळाली असती तर अख्ख्या गावाच्या माना वाचल्या असत्या.

ती टाकी एक संस्था देणार होती. संस्थेचा मोजणीदार ओचोला, चांगला जाडजूड, घामानं डबडबलेला माणूस, त्यानं देवळात सभा घेऊन समजावून सांगितलं होतं. लांबच्या मुलखात लोक कारखाने चालवतात, विमानं उडवतात, त्याचा धूर आभाळात साठतो, म्हणून पाऊस बिघडलाय. आता ते लोक म्हणतात, दुसरीकडं कुणी धूर कमी केला तर आम्ही त्याला बक्षीस देऊ.

"म्हंजे दारू त्येंनी प्यायची आनि सोडायची आपुन," देवळाचा कारभारी म्हातारा जोसेफत म्हणाला.

"तसंच काहीसं," ओचोलानं मान्य केलं. माणूस प्रामाणिक होता.

बायकांनी मातीच्या बंद चुली घातल्या. आधीच्या तीन दगडांच्या चुलीपेक्षा निम्म्याहून कमी लाकूड लागलं पाहिजे, म्हणजे टाकी कोमोलोची. तसं नाही झालं, तर टेकडीपलीकडच्या कागवा गावाची. प्रत्येक गावात एकाच घरी मोजणी व्हायची होती, आणि चिठ्ठी निघाली अकेयोची. तीन दगडांची मोजणी सुगीनंतर झाली होती. आता नव्या चुलीची चालली होती. सकाळी ओचोला मोळी ताणकाट्याला लटकवायचा, दिवसभर अंगणातल्या आंब्याखाली बसायचा, आणि दिवस मावळायच्या आत उरलेली लाकडं पुन्हा तोलायचा. सभेत त्यानं आणखीही काही सांगितलं होतं, पण तेवढ्यात चहा आला होता.

तेव्हा अकेयोनं आपल्यापुरता अर्थ काढला: लाकूड वाचवायचं. आणि लाकूड खातं कोण? पाहुणा खातो. एवढं कळल्यावर तिनं कंबर कसली. ओगुताला हाकललं. त्याच्या पोरांना हाकललं. जोसेफत म्हातारा रोज संध्याकाळी 'सहज' यायचा, त्याला तिनं फाटकातच विचारलं, "मामंजी, उपासाचं पुण्य तुमीच सांगत हुता न्हवं?" शेजारची म्हातारी, माहेर उयोमाचं म्हणून सगळे तिला उयोमावाली म्हणत, गावभरच्या बातम्या पदरात बांधून यायची आणि बातमीमागं एक घास खायची. तिला अकेयोनं बातमी दारातच सांगायला लावली आणि वाटेला लावलं. म्हातारीनं तोंडाचा चंबू केला, काठी आपटली आणि फाटकाबाहेर थुंकली. सख्खा भाऊ माहेराहून सायकलवर आला, त्याच्यासाठी कोंबडी कापायची रीत. अकेयो म्हणाली, कोंबडी बाहेर गेलीय. भाऊ कोंबडीची वाट बघत दुपारपर्यंत बसला आणि ऊन कलल्यावर सायकल हाणत निघून गेला. ओचोलालासुद्धा तिनं पाण्यापलीकडं काही विचारलं नाही. तो बिचारा पिशवीतला पाव खात बसायचा.

गाव पेटलं. पाणवठ्यावर बायका तिच्यापासून चार हात लांब डबे भरू लागल्या. अकेयोला वाईट वाटलं नाही असं नाही.  पण ती म्हणायची, टाकी आली की ह्याच बाया त्या पाण्यानं तोंड धुतील.

मोजणी संपायच्या आदल्या संध्याकाळी ओचोला काटा हातात घेऊन डोकं खाजवत उभा राहिला.

"वहिनी, हे जमत नाही."

"आवं, लाकूड बगा की. मूठभर जाळलंय."

"लाकूड कमी आहे. पण तोंडंही कमी आहेत. लाकूड भागिले तोंडं, असा हिशेब असतो. मागच्या खेपेला तुमच्याकडं चौदा तोंडं जेवायची. आता सहा. सहा जणांचं भांडं तापवायला काय, चौदांचं तापवायला काय, आच थोडीच जास्त लागते. माणशी लाकूड निम्म्याच्या बरंच वर जातंय."

अकेयोनं हाकललेले बोटांवर मोजले. "म्हंजे म्यां समद्यास्नी हाकललं..."

"मला वाटलं, गावात भांडण झालंय. मी कशाला विचारू."

ओग्वेनो दारात उभा होता. गेले काही दिवस तो अर्धकच्चं जेवत होता, त्याच्या तोंडावर जे पसरलं त्याला हसू म्हणणं बायकोसमोर बरं नव्हतं, म्हणून तो खोकला.

ओचोलानं शेवटी तोड काढली. "चुलीची रोजची चाल मोजायची असते. हे दिवस रोजचे नव्हते, ते मी सोडतो. उद्याचा एक दिवस नेहमीसारखा झाला तर तोच धरीन. पण माणसं नेहमीचीच पाहिजेत. मागच्या वेळची. बाजारातनं गोळा केलेली नकोत. नाहीतर मोजणी बाद, टाकी कागवाला."

दुसऱ्या दिवशी उजाडताच अकेयो निघाली. ज्यांना हाकललं त्यांच्याच पायऱ्या चढायच्या होत्या, आणि काल केलेला रुबाब आज पायात येत होता.

ओगुता खाटेवर पडून होता. तिला बघून त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

"भावजी, जेवायला चला."

"चुलीचा उपास सुटला व्हय?"

"सुटला. चला, पाया पडते."

"येईन. पर कोंबडी कापायची. आनि तिच्या पोटातला त्यो मानाचा तुकडा मला पायजे."

तो तुकडा घरधन्याचा. लग्न झाल्यापासून ओग्वेनोशिवाय तो कुणी खाल्ला नव्हता. अकेयो धावत घरी गेली, नवऱ्याला विचारलं. ओग्वेनो डोळे मिटून म्हणाला, "दे. पर त्यो खाताना मला बाहीर बसू दे."

जोसेफतची अट वेगळी होती. जेवणाआधीची प्रार्थना तो करणार, आणि तो थांबेपर्यंत कुणी आमेन म्हणून मधेच संपवायची नाही. अकेयोनं कबूल केलं. काय कबूल केलं ते तिला नंतर कळलं.

उयोमावाली मात्र अडून बसली. "ज्या पायांनी तुज्या दारातनं परत फिरले, ते पाय काय पुन्हा तुज्या अंगनात पडायचे न्हाईत. माजा शबूद हाय."

"आत्याबाई, चुकलं माजं."

"चुकलं तर चुकलं. पाय न्हाई पडायचे."

अकेयोनं म्हातारीकडं बघितलं, म्हातारीच्या पायांकडं बघितलं, आणि शेजारच्या घरातून विटा वाहायची एकचाकी गाडी ओढून आणली. "मग पाय अधांतरी ऱ्हाऊ द्या. बाकीच्या तुमी चला."

म्हातारीला हे एकदम पटलं. गाडीत बसून, दोन्ही पाय बाहेर लोंबते सोडून ती मुद्दाम बाजाराच्या रस्त्यानं वळसा घेऊन निघाली. अकेयो घाम गाळत ढकलत होती आणि म्हातारी दोन्ही बाजूंना मान लववत होती. "जेवायला चाललेय," ती विचारलं नसताना सांगायची. "बोलावनं हाय. मोजून बोलावलंय."

त्यानं घोळ झाला. अकेयो जेवणारांची मनधरणी करतेय ही बातमी गाडीच्या पुढं धावली, आणि कोंबडी शिजेपर्यंत अर्धं गाव फाटकात जमलं. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, ही रीत. पण ह्यांची तोंडं मोजणीत धरायची नाहीत, आणि त्यांच्यासाठी लाकूड मात्र जळणार.  पुन्हा दार लावायची अकेयोची छाती नव्हती.

तेव्हा उयोमावालीनं गाडी फाटकात आडवी लावायला सांगितली आणि काठी उगारली.

"मागं व्हा. आज मोजलेली तोंडंच आत."

"आनि तू गं म्हातारे?"

"मी मोजलेली हाय. मागल्या सुगीला मोजलीया मला. त्या मोजनीदाराला इचार. तुला मोजलंया कुनी? न्हाई न्हवं? मग ऱ्हा भाईर. टाकी आली की पानी प्यायला ये, तवा कुनी मोजनार न्हाई."

ज्या अपमानापायी म्हातारी पाय जमिनीला लावत नव्हती, तोच अपमान ती आता अख्ख्या गावाचा करत होती, आणि गाव हसून हसून गडाबडा लोळत होतं. कुणी गेलं नाही. सगळे कुंपणाबाहेर ओळीनं बसले, जसे काही फुटबॉलचा सामनाच बघायला आले होते.

कुओन झालं, कोंबडी झाली. अकेयोनं लाकडं बाहेर ओढली आणि राखेत विझवली. म्हातारीचं ताट गाडीत गेलं. आणि मग जोसेफतनं डोळे मिटले.

त्यानं अन्नासाठी देवाचे आभार मानले. कोंबडीचे मानले. मग सरोवराकडं वळला, सरोवरातल्या माशांकडं वळला, बिघडलेल्या पावसाकडं आला, तिथून विमानवाल्यांच्या पापाकडं गेला आणि तिथं बराच रमला. कुओनची वाफ थांबली. ओगुता एक डोळा उघडून आपल्या तुकड्यावर लक्ष ठेवून होता. कुंपणाबाहेर कुणीतरी आमेन म्हणालं, तर म्हाताऱ्यानं देवाला त्या माणसाबद्दलही सांगितलं.

संपलं तेव्हा ओगुता म्हणाला, "वयनी, गार झालं. जरा ऊन कर की."

"एक काडी लावायची न्हाई," अकेयो म्हणाली. "भावजी, मानाचा तुकडा घेतलाय, आता गार बी मानानं खावा."

बाहेर टाळ्या पडल्या. ओगुता गारच जेवला. सगळे जेवले, बोटं चाटून जेवले, आणि भांडं रिकामं झालं.

ओचोलानं उरलेली लाकडं काट्याला लटकवली. कुंपणाबाहेरची माणसं उठून उभी राहिली. त्यानं आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले.

"अगदी निम्म्यावर आलंय," तो म्हणाला. "निम्म्यावर, पण आत नाही. आत पाहिजे. तेरा तोंडं जेवली. मागच्या वेळी चौदा होती. कोण राहिलं?"

 ओगुताची पोरं मोजली, आपली पोरं मोजली, ओग्वेनोला ओढून आणून मोजलं. जोसेफत बोटं मोजता मोजता थांबला. गाडीतून उयोमावाली काठीनं चुलीकडं दाखवत म्हणाली, "आरं, ही कुटं जेवलीया?"

पोटऱ्यांना राख लागलेली अकेयो चाटू हातात घेऊन चुलीपाशी उभी होती. "मी?" ती म्हणाली. "मी जेवते की मागनं."

"मागनं नाही," ओचोला म्हणाला. "दिवस मावळायच्या आत. रांधणाऱ्या बाईचंही तोंड असतं, वहिनी. धरलेलं आहे ते."

सूर्य सरोवराकडं उतरला होता. ओग्वेनोनं भांड्यात हात घातला. कुओनचा कणसुद्धा नव्हता, नुसती बुडाला करपून चिकटलेली खरवड. तीच त्यानं नखांनी खरवडून काढली, थाळीत घातली, बायकोच्या हातावर स्वतः पाणी ओतलं आणि थाळी तिच्या पुढ्यात ठेवली. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. अकेयो जमिनीवर बसली. अख्खं कोमोलो कुंपणावरून माना उंचावून तिच्या तोंडाकडं बघत होतं.

तिनं पहिला तुकडा तोंडात घातला. कडक होता, थोडा कडू होता, आणि तिला चांगलीच भूक लागलेली होती.

"गीळ की गं बिगीनं," म्हातारी ओरडली. "दिस बुडतुया, टाकी जाईल."

"वयनी, आटपा."

"सूनबाई, देवाचं नाव घे आनि गीळ."

अकेयोनं सूर्याकडं बघितलं, अजून हातभर वर होता. मग तिनं जमलेल्या सगळ्या गावाकडं बघितलं आणि पाय पसरून ऐसपैस बसली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मला चावू द्या."

आणि गाव थांबलं.