ठळक तो आपला

सासूबाईंनी रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर टाकला, तो पत्त्यांच्या डावात हुकमाचा एक्का टाकावा तसा.

"घ्या. आता तरी म्हणू नका, सगळं मनाचे खेळ आहेत."

डॉक्टरबाईंनी चष्मा सारखा केला आणि कागद वाचायला घेतला. सून शेजारच्या खुर्चीत बसली होती.

सहा वर्षं सासूबाईंचे सांधे दुखत होते आणि सहा वर्षं रिपोर्ट मात्र स्वच्छ येत होते. रोज मरे त्याला कोण रडे, अशी घरात गत. मुलगा तर कामावरून आला की बूट काढता काढताच विचारायचा, "आई, आज काय दुखत नाहीये?" सगळे हसायचे. त्याही हसायच्या आणि मग आत जाऊन गुडघ्याला मलम चोळायच्या. तुझं दुखणं खरं आहे, एवढं कुणीतरी म्हणावं, याहून जास्त काही त्यांना नको होतं.

काल लॅबमधून पाकिटं आली ती दोन. कारण सुई बघून सासूबाई अडून बसल्या होत्या. "आधी हिला टोचा, मग मला." सुनेने हसत बाही वर केली होती. टोचलंच आहे तर तपासूनही टाका, असं लॅबवाल्याला त्यांनीच फर्मावलं. दोघींचं आडनाव एक, नावाचं पहिलं अक्षरही एक. पाकिटं फोडली तर एका कागदावर सगळं सरळ, दुसऱ्यावर दोन आकडे ठळक काळ्या अक्षरांत. कुठला कुणाचा हे काय बघायचं? ठळक तो आपला. चहा निवेपर्यंत तिन्ही बहिणींना फोन झाले.

"सीआरपी पाचच्या आत हवा, तो अठ्ठेचाळीस आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ईएसआरही बराच वाढलाय. शरीरात कुठेतरी सूज धुमसतेय, एवढंच हे आकडे सांगतात. कुठे आणि कशामुळे, ते नाही सांगत."

"धुमसतेय!" सासूबाई सुनेकडे वळल्या. "ऐकलंस? घरी गेल्यावर अस्संच सांग त्याला."

"हो, आई."

डॉक्टरांचं बोट कागदाच्या वरच्या कोपऱ्यात थांबलं.

"तुमचं वय किती?"

"सदुसष्ट पूर्ण."

"इथे चौतीस लिहिलंय."

बरी केली की लॅबवाल्याने निम्मी, असं म्हणायला सासूबाईंनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. काल आपण याच आकड्यांवर खूश होऊन फोन करत होतो, हे आठवून त्यांच्या कानशिलांवर घाम आला.

डॉक्टर सुनेकडे वळल्या.

"सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का?"

"थोडी. सगळ्यांची आखडतात तेवढीच."

"किती वेळ?"

"होतात की मोकळी. कामाला लागलं की कळतही नाही."

"खोटं सांगतेय," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "तासभर लागतो हिला. साडेपाचला उठते आणि गरम पाण्यात हात बुडवून बसते. मला वाटायचं, काहीतरी भिजत घालतेय. बरणीचं झाकण माझ्याकडे आणून देते. म्हणते, आई, तुमच्या हाताला जोर आहे. आणि मी मेली फुशारून जाते! लग्नातली अंगठी चार महिने कपाटात पडलीय. म्हणे, सैल होते. सैल कुठली, बोटात चढतच नसणार."

हे सगळं आपण रोज बघत होतो, याचाच त्यांना जास्त धक्का बसला होता.

सून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"आई, तुम्ही साडेपाचला जाग्या असता?"

डॉक्टरांनी नवा कागद ओढला आणि आणखी तपासण्या लिहायला घेतल्या. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली.

"आणि तुमचे गुडघे? ते कसे आहेत?"

"माझं राहू द्या हो," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. "हिचंच लिहा. अजून सांगून झालेलं नाही माझं."