बदक उचल परत बसव

लाकडी बदकांच्या त्या छोट्या कारखान्यात सकाळपासून एकटी मुंगीच बोलत होती. तिचे बाबा मान खाली घालून बदकांना चाकं बसवत होते. लहानपणी सारखी तुरुतुरु पळायची म्हणून आईने ठेवलेलं मुंगी हे नाव पोरीला तिशी उलटली तरी चिकटून होतं.

"बाबा, दुपारी दवाखान्यात बोलावलंय. आवरा आता."

"एवढी खेप होऊ दे."

"ती पुढच्या महिन्याची आहे."

"मग आधी झाली तर काय बिघडलं?"

मुंगीने कानस टेबलावर आपटली. आईला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. तिच्या हृदयाचा स्नायू जाड होत गेला आणि हृदय दमलं. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तिचं रक्त तपासलं, तेव्हा कळलं की हे तिच्या डीएनएमध्ये जन्मापासून लिहिलेलं होतं. ते मुलीत उतरलं असण्याची शक्यता निम्मी होती. मुंगीने लगेच रक्त दिलं. आता उत्तर आलं होतं, आणि ते ऐकायला सोबत कोणाला तरी आणा असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मुंगीला बाबांशिवाय कोणी नव्हतं. बाबांना मात्र ते ऐकायचंच नव्हतं. घरात एकच माणूस उरलं होतं, आणि त्याच्याबद्दल असलं काही कानावर येण्यापेक्षा चाकं बरी, असा त्यांचा हिशोब.

"तुझ्या आईत काही चूक नव्हती," ते एकदम म्हणाले. "ते दवाखान्यातले लोक चूक चूक म्हणतात, ते मला खपत नाही."

आत्ता कुठे मुंगीला गाठ सापडली. ती खडू घेऊन भिंतीपाशी गेली.

रंगवलेली बदकं जिथे वाळत, तिथे भिंतीवर आईने साचा धरून रंगवलेली पाटी होती. नवीन कामगाराने बदक उचलून खालचा रंग चिकटला नाही ना ते बघायचं आणि परत बसवायचं, एवढीच सूचना. पण आईने अक्षरांचे साचे एकमेकांना खेटून लावले होते, त्यामुळे भिंतीवर सलग 'बदकउचलपरतबसव' असं उमटलं होतं. नवीन माणूस 'बदकउ, चलपर' असं काहीतरी वाचून चक्रावला की आई म्हणायची, "तीन तीन अक्षरं घे रे बाबा!"

"डीएनए असंच लिहिलेलं असतं," मुंगी म्हणाली. "मधे जागा सोडलेली नाही. अक्षरं चारच. पेशी तीन तीन अक्षरं घेऊन वाचते. दर तिनाला एक मणी उचलायचा, माळेत ओवायचा. माळ झाली की ती आपोआप घडी घालून बसते, की झालं प्रथिन. हृदयाचा स्नायू असल्याच माळांचा."

"आणि चूक?"

मुंगीने 'स' वर काट मारून वर 'ड' लिहिला.

बाबांनी तीन तीन करत वाचलं. "बदक... उचल... परत... बडव." आणि त्यांना हसू फुटलं. किती दिवसांनी! "अगं, कोणी ऐकलं तर बदकाचं काय होईल?"

"बघा, एकच अक्षर बदललं, बाकी सगळं जागच्या जागी. आईचं असंच होतं. आणि हे बघा." तिने तळव्याने 'द' झाकला. "आता वाचा."

"बकउ चलप रतब..." ते थांबले. "हे तर सगळंच गेलं."

"एक अक्षर गळलं की पुढची सगळी घसरतात. आईचं तसं नव्हतं. ती साठ वर्षं चालली, हसली, माझे कान उपटले."

बाबा भिंतीजवळ आले. "मग माझं काय? माझंही असेल की तुझ्यात."

"आहे ना. प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, एक तुमची, एक आईची. तुमची चांगली आहे. पण या आजाराला एक बिघडलेली प्रतही पुरते."

"तिने तुला चांगलीच दिली असेल. ती काय वाईट देणाऱ्यातली आहे?"

"बाबा, तिच्याकडेही दोन होत्या. एक बरी, एक अशी. कुठली जाते ते निवडता येत नाही. तिला आली ती तरी तिने कुठे मागितली होती?"

हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. चूक म्हणजे कोणीतरी केलेली, असंच ते धरून बसले होते. आणि आपल्या बायकोवर कोणी काही ढकललेलं त्यांना चालणार नव्हतं. इथे तर करणारं कोणीच नव्हतं.

"तुला हसू तिचं आलंय," ते म्हणाले. "तेवढंच घेऊन थांबायचं होतंस."

"सांगायचं होतं ना मला तेव्हा!" मुंगी म्हणाली आणि तिने खडू खाली ठेवला. "एकटीने ऐकायला भीती वाटते हो मला."

बाबांनी हातातलं चाक खाली ठेवलं आणि चपला शोधायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी आढेवेढे न घेता सांगितलं. मुंगीत ते बदललेलं अक्षर होतं. हृदय अजून छान होतं. दरवर्षी सोनोग्राफीने त्याचं चित्र काढून बघायचं, गरज पडली तर गोळ्या सुरू करायच्या. "तुमच्या आईचं आम्हाला फार उशिरा कळलं," त्या म्हणाल्या, "तुमचं वेळेवर कळलंय."

बाबांना वाटलं होतं, पायाखालची जमीन सरकेल. तसं झालं नाही. त्यांनी विचारलं, "कानस चालवली तर चालेल ना हिने? जोर लागतो."

"चालेल की."

"आणि चिडली तर? फार चिडते."

"बाबा!"

डॉक्टरीणबाई हसल्या. जिन्यावर आल्यावर मात्र मुंगी कठड्याला धरून उभी राहिली. खालून वर येणारी माणसं तिला वळसा घालून जात होती. बाबांनी तिच्या हातातल्या पिशवीकडे हात पुढे केला.

"पिशवी दे."

"जड नाहीये, बाबा. मला काही झालेलं नाहीये."

"माहीत आहे मला. तरी दे."

तिने दिली.